चेनला तेल देण्याआधी

४ मार्च, सोमवार
रोजनिशीची क्षमा मागतो. गेल्या ऑगस्टपासून एक ओळ लिहिलेली नाही. कारणं देत बसलो तर पान त्यातच संपेल, आणि ती खरीच असतील याची मला खात्री नाही.

आज लिहायचं कारण मोटरसायकल. दोन वर्षं जिन्याखाली उभी आहे आणि धाकटा मेहुणा ती मागतोय. जेवताना बायकोने निकाल दिला. रविवारी सकाळी नऊला मला मागे बसवून टेकडीपर्यंत फिरवून आणलंस तर गाडी आपली. नाहीतर तो येतोच आहे, घेऊन जाईल.

लग्नानंतर आम्ही दर रविवारी टेकडीवर जायचो. ती हे विसरली असेल असं मला वाटत होतं.

इंजिन चालू होतं. फक्त चेन करकरते. काढून साफ करायची, तेल द्यायचं, बसवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. तरी मी चार दिवस धरतोय. फाजील आत्मविश्वास नको.

५ मार्च, मंगळवार
चेन काढली. एक नख गेलं.

कपडे भिजवायच्या टबात रॉकेल ओतून त्यात चेन टाकली. घासायला दात घासायचा ब्रश उत्तम. पण कुणाचा? न विचारता दुसऱ्याचा घेणं पटेना. विचारलं असतं तर मिळाला नसता. शेवटी स्वतःचा वापरला. आपली तत्त्वं अशा वेळीच कळतात.

६ मार्च, बुधवार
सकाळी सवयीने त्याच ब्रशने दात घासले.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, इथे कुठे स्टोव्ह पेटलाय का. दिवसभर तोंड उघडलं नाही. मीटिंगनंतर साहेब म्हणाले, तुमच्यात अलीकडे एक परिपक्वता आलीय.

संध्याकाळी चेन चांदीसारखी झाली. गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली. बायको म्हणाली, झाली ना साफ? मग तेल लाव आणि बसव. तिला शांतपणे समजावलं की घाणीवर तेल लावलं तर घाण आत कायमची कोंडली जाते. एक कसोटी ठरवली आहे. पांढरा रुमाल चेनवरून फिरवायचा. पांढराच राहिला तर तेल. नाहीतर नाही.

७ मार्च, गुरुवार
रुमाल तांबूस.

काल वरवर स्वच्छ दिसत होती, आज हे आतून बाहेर आलं. किती वर्षांचं साठलं असेल! माणसाचंही असंच असतं. या दृष्टीने स्वतःकडेही पाहिलं. फारसं काही सापडलं नाही. म्हणजे बरंच खोल असावं.

पुन्हा रॉकेल, ब्रश, दोरी. बायको म्हणाली, लोकांचं नमनालाच घडाभर तेल जातं. तुझं घडाभर नमन झालं तरी तेलाचा थेंब निघेना.

घाईत माणसं असं बोलतात. मी मनावर घेतलेलं नाही. (घेतलंय.)

८ मार्च, शुक्रवार
रुमाल कालच्यापेक्षा तांबूस. साफसफाई मुळापर्यंत पोचल्याचं लक्षण. उत्साह वाढला.

आई आतल्या खोलीतून म्हणाली, अरे, लोखंडी तवा घासून तेलाचा हात न फिरवता ठेवला की सकाळी असाच तांबारतो. तिला म्हटलं, आई, तवा वेगळा, मोटरसायकल वेगळी. ती म्हणाली, हो बाबा, तव्यावर रोज काहीतरी होतं.

नंतर शंका आली. आईचं बरोबर असेल तर मी रोज रात्री गंज तयार करतोय आणि रोज संध्याकाळी तो धुतोय, असा अर्थ निघतो. हा अर्थ फार टोकाचा वाटतो. दोन्ही बाजूंचा विचार केला. मग पुन्हा धुतली.

९ मार्च, शनिवार
तेलाची बाटली आणली. दुकानात सर्वांत महागडी होती ती. एक मोठा टप्पा पार पडला.

बाटली उघडली नाही. धुतलेले रुमाल संपल्यामुळे उशीचा अभ्रा फिरवला. तांबूस. बायकोने अभ्रा पाहिला आणि नीट घडी घालून माझ्याच उशीवर ठेवला. हे चांगलं चिन्ह की वाईट, ठरवता आलं नाही.

तिने निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. केसांना बांधायचा जुना स्कार्फही ट्रंकेतून काढलाय. फक्त एवढंच विचारलं, उद्या नऊला ना? म्हटलं, नक्की. आता उरलंय काय? एक रुमाल, थोडं तेल, आणि बसवणं.

१० मार्च, रविवार
सकाळी रुमाल तांबूस. चिडलो नाही. धुवायला घेतली.

नऊ वाजता टबाशीच होतो. मेहुणा खाली आला तो पिशवीत नवी चेन घेऊनच. गॅलरीखालून ओरडला, भावोजी, ती जुनी माळ कशाला जपताय? तेल असेल तर तेवढं टाका. बाटली घेऊन खाली गेलो. त्याने चेन बसवली, तेल सोडलं, चाक फिरवलं. रुमाल फिरवला नाही. मी तसं सुचवलं. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही ग्रेट आहात.

बायको खालच्या पायरीवर बसली होती. निळा ड्रेस, स्कार्फ. नऊपासून.

मेहुणा म्हणाला, टेकडीपर्यंत पळवून बघतो. येतेस का ताई, तयारच आहेस तर? तिने माझ्याकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत रॉकेलचे. मी म्हणालो, जा तू. तोवर माझं होतंच आलंय.

गाडी वळणावर गेली तरी करकर नाही. तेल मी निवडलं होतं.

ती परत आली ती स्कार्फ सुटलेला, गाल लाल. म्हणाली, टेकडीवरचं आपलं बाकडं काढलं रे त्यांनी. मग मेहुणा गाडी घेऊन गेला. जिन्याखाली तेलाचा डाग तेवढा राहिलाय. ती तिथे थोडा वेळ उभी होती.

दुपारी दोरीवरची चेन उतरवली. रुमाल फिरवला. पांढरा. उलटी बाजू फिरवली. पांढरा! तिला दाखवायला गेलो तर ती झोपली होती. निळा ड्रेस तसाच अंगावर.

उद्या: चेनला तेल देणे.