माझी साठ वांगी आणि चौदा दिवसांचं वेळापत्रक

२८ जुलै, सकाळी ६
खिडकीतली साठ वांग्याची रोपं आजपासून बाहेर. आज एक तास, उद्या दोन, असं चौदा दिवस. रोपांना अशी हळूहळू ऊन-वाऱ्याची सवय लावणं, याला हार्डनिंग म्हणतात. वेळापत्रक दारावर चिकटवलं.
वडिलांनी, म्हणजे आबांनी, शब्द दिलाय. पोळ्याला पन्नास रोपं शेतात उभी दिसली, तर विहिरीजवळचा तुकडा माझ्या नर्सरीला. नाही तर दोंडाईच्याला क्लासवर सायन्स शिकवायला जायचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. शेतीत शास्त्र मी नाही आणायचं तर कोणी?
भिकुबाई काकू ट्रे बघून म्हणाली, "हाई रोप शे का शेवई?" उंची म्हणजे प्रगती, हे तिला कसं समजावणार?

३० जुलै
पानांवर पांढरे चट्टे. बाहेर ठेवायची वेळ दुपारी बारा, कारण तेव्हा मी मोकळी असते. पावसाने दडी मारलीय, ऊन फार. चूक उन्हाची.

२ ऑगस्ट
वारा. सगळी आडवी. प्रत्येकाला खराट्याची काडी बांधली.
आई खराटा शोधतेय. बोलले नाही.

५ ऑगस्ट
पानं पिवळी. पाणी वाढवलं, आता दिवसातून चारदा. काकू म्हणाली, "लाडावेल रोप शे तुनं. दोन दिन पानी नको दिऊ." उपासमार हा उपाय असूच शकत नाही. मोरीमागच्या वाफ्यातली तिची स्वतःची वांगी बुटकी, जाडजूड, शनिवारपासून तहानलेली. दया आली. पाणी घालणार तोच तिने तांब्या हिसकावला.

९ ऑगस्ट
चौदा दिवस पूर्ण व्हायचेत, पण रोपं तयार वाटतात. शेतात सत्तावन्न लावली. तीन निसर्गाने निवडली नाहीत.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी
सगळी झोपलीत. विश्रांती घेत असावीत. आबा बांधावरून बघून गेले. घरी येऊन क्लासवाल्यांचा नंबर मागितला.
सारखं जाऊन बघण्याने रोपांवर ताण येतो. त्यांना एकटं सोडणं हाही हार्डनिंगचाच भाग. उद्या धुळ्याला मावशीकडे, चार दिवस.

१७ ऑगस्ट
यश! सगळी ताठ! बुटकी, जाड, गडद हिरवी. उंचीतली ताकद खोडात उतरली. बियाण्याच्या पाकिटावर बिनकाटेरी वाण लिहिलं होतं, पण आता पानांना काटे आलेत. संकटात रोप स्वसंरक्षण शिकतं, त्याचा हा जिवंत पुरावा. मोजली तर साठ भरली. लावताना माझं मोजणं चुकलं असेल.
काकूचा वाफा मात्र रिकामा. तिची दगावली वाटतं. वाईट वाटलं. माझं वेळापत्रक तिला उतरवून देईन.

२२ ऑगस्ट, पोळा
बैल धुवायला विहिरीवर आलेले आबा रोपं बघायला वाकले. बोटात काटा गेला. मी स्वसंरक्षणाचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग काकूला विचारलं, "वहिनी, तुनं बठ्ठं रोप आठे उनं का?" तिची सगळी रोपं इथे, माझ्या शेतात?
काकू पदरात हसली. "पोरगी दोंडाईचाले गयी तर माले वेळापत्रक कोन दाखाडी?"
माझी सत्तावन्न उकिरड्यावर सापडली, काड्यांसकट.
तुकडा नर्सरीला मिळाला. नर्सरी काकू बघणार, मी तिच्या हाताखाली. नवा खराटाही मीच आणायचा.
काकूने पहिलं काम दिलंय: दोन दिवस तांब्याला हात लावायचा नाही.
दुपारपासून दोनदा धरला.