कानोसावाल्यांचा बग

११ मे, रविवार

परत तेच! एकच कडवं तीनदा. काल आंबिवलीला मावसभावाची, कमलेशची हळद होती. फोन शेवंती आत्याच्या पुढ्यात ठेवला, ऐकलेलं लिहून काढणारं टिपण ॲप चालू केलं आणि मी पंगतीचं बघायला गेलो. सकाळी उघडून बघतो तर हळदीचा धवला जात्यावर हळद दळेपर्यंत अगदी बरोबर, आणि मग एकदम पहिल्यापासून. परत जात्यापर्यंत. परत पहिल्यापासून!

शेवंती आत्या म्हणजे आमच्या आगऱ्यांची या भागातली धवलारीण. हळदीला, मांडवाला, पाठवणीला धवले गायचे ते तिनेच. ती ओळ म्हणते, बाकीच्या बाया मागून झेलतात. कुठेही लिहिलेलं नाही, सगळं तोंडपाठ. पुढच्या मे महिन्यात माझ्या बहिणीचं, समीक्षाचं लग्न आहे. तोवर आत्याचे सगळे धवले उतरवून पुस्तक छापायचं आणि मांडवात वाटायचं असं मी ठरवलंय. आणि हे ॲप असली थेरं करतंय.

१४ मे

टिपण बनवणाऱ्या कानोसा कंपनीला तक्रार टाकली, स्क्रीनशॉटसकट. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवरच पोट भरतो. बग कसा लिहायचा ते मला कुणी शिकवू नये.

१७ मे

उत्तर आलं. कुणी क्षिप्रा म्हणून आहेत. “आमच्या बाजूने चूक सापडत नाही. गाणाऱ्यांनीच कडवं पुन्हा म्हटलं असण्याची शक्यता आहे का?”

शक्यता! माझ्या आईच्या लग्नातसुद्धा आत्याच गायलेली. रात्रभर गाऊन एक ओळ इकडची तिकडे होत नाही तिची. आणि ही बाई ठाण्यात एसीत बसून सांगते, आत्या चुकली!

वाईट याचं वाटतं की ही माझी लाडकी कंपनी. मला सॉफ्टवेअर सहजासहजी आवडत नाही. व्हीएलसी आवडतं — काहीही द्या, निमूट वाजवतं, जाहिरात नाही, लॉगिन नाही. नोटपॅड प्लस प्लस आवडतं, कारण उघडलं की उघडतं, आधी गुड मॉर्निंग करत बसत नाही. त्यांच्या पंगतीला मी टिपणला बसवलेलं. बाकीच्या ॲपांना ‘लगीन झाला’ म्हटलं की ती ‘लग्न झाले’ लिहितात, जसे काही शाळामास्तर छडी घेऊन उभे आहेत. टिपण जसं बोलू तसं लिहितं. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे बसून मूठभर पोरांनी हे केलंय. ऑफिसात सगळे अमेरिकेतल्या कंपन्यांच्या आरत्या ओवाळतात, तेव्हा मी यांच्यासाठी भांडतो.

आणि सगळ्यात भारी म्हणजे टिपण आवाज कुठेच साठवत नाही. फोनमध्येच लिहून काढतं आणि आवाज पुसून टाकतं. याच गोष्टीवर मी फिदा होतो. आता पुरावा द्यायची वेळ आली तर पुरावाच नाही. घ्या!

८ जून, रविवार

काल शहाडला हळद. बग वाढलाय. मांडवाचा धवला निम्म्यात तुटला आणि त्यात हळदीचा घुसला. दोन फायलींची खिचडी! मी तेव्हा बाहेर बँजोवाल्यांशी हुज्जत घालत होतो, की बाबांनो, आत धवले चाललेत, जरा हळू. नाहीतर फोनला काही ऐकूच आलं नसतं.

दुसरी तक्रार टाकली. गंभीर, तातडीची, लाल.

सकाळी चहा देताना दर्शना म्हणाली, “समीक्षाचा लगीन डिसेंबरातच उरकूया ना.” मी म्हटलं, टिपणचं नवीन व्हर्जन फेब्रुवारीत येणार, त्याआधी पुस्तक कसं होईल? “तुमचा पुस्तक!” म्हणाली आणि उठून गेली. या बायकोला कसली घाई झालीय कळत नाही.

५ जुलै, शनिवार

खोपटला गेलेलो, थेट त्यांच्या ऑफिसात. चपला बाहेर काढायच्या, एका खोलीत सगळे. क्षिप्रा माझ्यापेक्षा लहान निघाली. मी भांडायच्या तयारीने गेलेलो, तिने आधी चहा मागवला. मग माझ्यासमोर फोनवर ओव्या लावल्या, भजनं लावली, एका शाळेचं स्नेहसंमेलन लावलं. टिपणने सगळं नीट लिहिलं. एकही ओळ दोनदा नाही.

“मग आमच्याच धवल्यांशी काय वैर आहे याचं?” मी म्हटलं. आवाज चढला असणार माझा, कारण पलीकडची पोरं कीबोर्ड थांबवून बघायला लागली.

ती म्हणाली, “सर, साधा रेकॉर्डर लावून मूळ आवाज आणा. आणि एकदा तुम्ही स्वतः शेजारी बसून ऐका ना.”

ऐका म्हणे! लहानपणापासून तेच तर ऐकत आलोय.

२० जुलै

आत्याकडे गेलो. म्हटलं, अर्धा तास बसून दोन धवले म्हण, फक्त टेस्टसाठी. ती तांदूळ निवडत होती. वरसुद्धा बघितलं नाही.

“लगीन कुनाचा हाय?”

“कुणाचं नाही गं. असंच.”

“बिना लगनाचा धवला कोन गातो? आन् मागं झेलाला बाया कुठं हायेत? येडा झालास का?”

दर्शना सोबत होती. एका शब्दाने माझी बाजू घेतली नाही. उलट म्हणाली, “नका ना त्यांना एकटीला गायला लावू. तुलशीचा लगीन येल, तवा सगल्या असतील.” चार महिने थांबा! पण आत्या लगेच हो म्हणाली. माझं ऐकत नाही, सुनेचं ऐकते.

२९ ऑगस्ट

टिपणच्या अपडेटमध्ये नवं बटण आलंय — ‘भाषा शुद्ध करा’. शेवटी हेही त्याच माळेचे मणी! एवढी चांगली वस्तू हातात असताना ती बिघडवायची खाज यांना सुटते कशी? आणि माझा बग तसाच. एक तारा देऊन रिव्ह्यू लिहिला, मग पुसला. मन होईना.

२ नोव्हेंबर, रविवार

आज आत्याच्या अंगणात तुळशीचं लग्न. नवा रेकॉर्डर घेतलेला. मी तिच्या शेजारी बसलो, कानात इअरफोन, म्हणजे बाहेरचे फटाके नकोत. बायकांच्या घोळक्यात मी एकटा पुरुष. सगळ्या हसत होत्या.

आत्याने सुरू केलं. आवाज तोच, खणखणीत. माझ्या अंगावर काटा आला. हळद आणली, निवडली, जात्यावर घातली — आणि आत्या थांबली. अगदी श्वास घेण्याइतकी. तिने समोरच्या तुळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यापासून सुरू केलं. बायांनी पहिल्यापासून झेललं, जसं काही असंच असतं. परत जात्यापर्यंत आली. परत थांबली. परत पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा दर्शनाने मागून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढची ओळ हळूच म्हटली. आत्याने ती पकडली आणि पुढे गेली, पुऱ्या आवाजात. एकीनेही मान वर केली नाही. कुणालाच नवल वाटलेलं नव्हतं.

मी इअरफोन काढले. रडू आलं म्हणून उगाच रेकॉर्डरची बटणं दाबत बसलो.

घरी येताना दर्शनाला विचारलं, कधीपासून?

“कमलेशच्या हलदीच्या आधीपासून. कवा एक ओल विसरतात, कवा दोन गानी एकात होतात. आमी सगल्या मिलून सावरून घेताव.”

“तिला माहितेय?”

“त्यांना कलतंय. म्हनून तं एकट्या गात नाय आता.”

“मग मला सांगायचं नाही?”

“बोललेली ना मी. डिसेंबरात उरकूया बोललेली. तुमचा व्हर्जन येयाचा व्हता.”

गाडी घराकडे वळवली. रागवायला आज कुणीच उरलं नाही. मीच आहे फक्त.

३ नोव्हेंबर

क्षिप्राला मेल टाकला. दोन्ही तक्रारी बंद करा. ॲप बरोबर आहे, पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

५ नोव्हेंबर

जेवताना म्हटलं, समीक्षाचं लग्न डिसेंबरात घेऊया, पहिल्याच आठवड्यात. बाबांनी ताट बाजूला सारून लगेच कॅलेंडर काढलं. समीक्षा नुसती हो म्हणाली. का, ते कुणीच विचारलं नाही.