सौम्याच्या धनुष्याचा स्टँड

वडगाव, बेळगाव

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या नागराजचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? (सदलग्याच्या ऊसवाल्यांनी तेल चोळण्यापेक्षा बांधावर कमी पळावं, पण मी कोण सांगणार?) फोनवर बोललो असतो, तर माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस, म्हणून पत्र. इथे सगळे बरे आहेत. मी तेवढा बरा नाही.

माझ्या सौम्याला बेंगळूरला धनुर्विद्येच्या वसतिगृहात जागा मिळाली. सोमवारी जायचं. न्यायच्या सामानाच्या यादीत आता एकच ओळ उरली आहे, ती म्हणजे धनुष्य जमिनीवर उभं करायचा स्टँड. तू लहानपणी बांबूची कामटी वाकवून, आप्पांच्या हातमागाचं सूत ओढून शेजारच्या नागुबाईच्या मांडवावरचे दुधी पाडायचीस आणि बोलणी मी खायचो, तसलं हे धनुष्य नव्हे. (काय दिवस होते गं ते.) कंपाउंड म्हणतात याला. दोन्ही टोकांना चाकं, नेम धरायला भिंग. आडवं ठेवलं तर चाकांत माती जाते, शिवाय खंडेनवमीला मागाशेजारी ठेवून पुजलेलं हत्यार जमिनीवर टाकायची आपल्या घरात रीत नाही. म्हणून स्टँड.

पहिला आणला तो धनुष्याच्या खालच्या पातीला चिमट्यासारखा बसणारा, दोन पायांचा. तो मी चालू यंत्रमागाशेजारी ठेवून पाहिला (दुसरीकडे कुठे पारखणार?). मागाच्या धक्क्यांनी तो धनुष्यासकट सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. तुझ्या भावजयीने, राजेश्वरीने, पिठाच्या हातांनी धरला म्हणून वाचलो. दुसरा जमिनीत खुपसायचा, लोखंडी सळईचा. घरभर फरशी, म्हणून आप्पांच्या हातमागाचा खड्डा मी बुजवला तिथल्या मातीत खुपसला. उभा राहिला खरा, पण तासभर समोर बसल्यावर मला तो सूतभर कललेला दिसला. परत केला. तिसरी तिपाई, ती जड. सौम्याला शिकवणारे स्वरूप सर समजावून गेले, "अण्णा, मैदानात माग नसतोय वो." मला ते पटलं नाही.

सौम्या भांडत नाही, हेच अवघड आहे. काल जेवताना एवढंच म्हणाली, "पप्पा, कुठलाबी चालतोय. सोमवार काय बदलत न्हाय."

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा
नागराज

ता. क. – दुसरा स्टँड चांगला होता. अजिबात कलला नव्हता. परतही केलेला नाही, कपाटावर साड्यांच्या गठ्ठ्यामागे आहे.

ता. क. दुसरा – तुझ्या लग्नाची साडी विणताना आप्पांना दर दोन दिवसांनी दोष दिसायचा. वीतभर धागे काढून पुन्हा विणायला बसायचे. मुहूर्त आठवड्यावर आला तरी पदर व्हायचा होता. मी त्यांना हसलो होतो. त्या साडीत काही दोष नव्हता गं आक्का. रविवारी ये. स्टँड तूच काढून तिच्या हातात दे. कपाट माझ्या खांद्याइतकंच आहे, पण माझा हात पोचत नाही असं तिला सांग.