करंजाड्याचा अर्धा सरदार

११ जाने., रविवार
सकाळी संगीता आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता करंजाड्याच्या मुलींना फुटबॉल शिकवते. चहा नको म्हणाली, थेट मुद्द्यावर. "बाई, पंचवीसला स्पर्धा हाय. तुमच्या रेवानं आमच्या क्लबांच्या सरदारांची चित्रं काढली होती ना, ती झेंड्यांवर छापायचीत."
चित्रांची वही माळ्यावर असेल, बघते म्हटलं. वही कपाटात आहे. साड्यांखाली.

१२ जाने.
वही काढली. रेवा कॉलेजात होती तेव्हाची. एकेक क्लब म्हणजे परीकथेतला एकेक चिलखती सरदार. मोरा बंदराचा: अंगावर माशाचे खवले, घोड्याऐवजी जिताडा माशावर स्वार. कारखान्यांच्या रबाळ्याचा: पत्रा, रिव्हेट, शिरस्त्राणातून धूर. करंजाड्याचा अर्धाच. क्लब नवा, म्हणून चिलखताभोवती अजून बांबूची परांची. चेहरा नाही.
आणि प्रत्येक पानावर माझं लाल पेन. 'ढाल लहान.' 'हे चिलखत युरोपातलं, मोऱ्यात कुठून?' प्रत्येकाखाली १० पैकी ४. पोटच्या मुलीला. तीस वर्षं इतिहासाचे पेपर तपासले, हात थांबला नाही.
त्यानंतर तिने या घरात पेन्सिल धरली नाही. बंगळूरला जाऊन सहा वर्षं. फोन सणाला. तब्येत, हवा, ठेवते.

१४ जाने., संक्रांत
तिचा फोन. तिळगूळ वगैरे. संगीताला सरदार हवेत, सांगितलं.
"कुठले? तू तपासलेले?"
"हो."
"मग आता पास झाले वाटतं."
हसली नाही. मीही नाही. करंजाड्याचा अपुरा आहे, पोरी विचारतात म्हटलं. 'बघते' म्हणाली. हे 'बघते' माझंच.

१७ जाने.
लाल शाई ब्लेडने खरवडायला गेले. रबाळ्याच्या ढालीला भोक. थांबले. सगळ्या पानांचे फोटो काढून तिला पाठवले, भोकासकट. खाली लिहिलं: ढाल बरोबर होती. चूक माझी.
एवढं लिहायला चहा थंड झाला.

२० जाने.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
तिच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. उगाच.

२२ जाने.
उत्तर आलं. "लाल राहू दे, तसंच छापा. करंजाड्याचा चेहरा इथे बसून जमणार नाही. पोरींना खेळताना बघावं लागेल."
चारदा वाचलं. येतेस का, असं लिहिलं आणि पुसलं. 'रविवारी चारला पहिली मॅच' एवढंच पाठवलं.

२४ जाने., शनिवार
संध्याकाळी मैदानावर. मोरा आणि रबाळे फडकतायत, माझ्या अक्षरासकट. पोरी हसत होत्या. "बाई, चारच मार्क? तुमच्या टायमाला पण अशाच होत्या का, संगीताताई?"
"याहून कडक."
रेवाचा फोन नाही, मेसेज नाही. तिसरा बांबू, करंजाड्याच्या झेंड्याचा, रिकामा. संगीता म्हणाली, "बाई, त्याला साधा हिरवा कपडा लावते. उघडा बरा नाय दिसत."
नको म्हटलं. उद्या चारपर्यंत राहू दे.