चौकट घराची नव्हे

तीर्थस्वरूप गोदाअक्काच्या पायांशी भातकुलीहून धाकट्या नत्थूचा दंडवत. इकडे सुभद्रेची कंबर आणि तांबड्या बैलाचा खूर सोडता सर्वांची प्रकृती ठीक आहे. भाऊजींचा खोकला (तो गुळवेलीने हटतो, रागवून हटत नाही) कसा आहे ते कळवावे.

तुझा निरोप पोचला. "नत्थ्यानं कापसाच्या पैशावर नवं घर उभं केलं, चौकट बसवली, अन् सख्ख्या बहिणीले नारळ फोडाले बी बोलावलं नाई. आता मायच्या वर्षश्राद्धाले मी येत नाई," असे तू म्हणालीस. अक्का, ते ऐकून मी ताट सारून हे पत्र लिहायला बसलो. तू नसताना मायचे वर्षश्राद्ध मी कोणत्या तोंडाने करू? म्हणून घडले ते सांगतो. चौकट केली हे खरे. पण ती दाराची नव्हे, तसबिरीची आहे. तिच्यातून मांजरालाही वाकून जावे लागेल.

वर्षश्राद्धाला मायची तसबीर भिंतीवर असावी असे मनात आले. सुताराकडे गेलो तर तो म्हणाला, "सारं गाव बंड्या मागून राहिलं, तुमच्या तसबिरीले हात कुठून आणू?" (सातासमुद्रापार कोणाची लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, विलायतेला आपला हवासा झाला, आणि तो वाहायच्या गाड्या करता करता भातकुलीत सुतार मिळेनासा झाला.) तेव्हा सागाच्या पट्ट्या घेऊन मीच बसलो. सुतार सरस द्यायला तयार होता, पण सरस म्हणजे जनावराचे कातडे उकळून केलेला, आणि आपली माय माळकरी. मी बाभळीचा डिंक भिजवला. डिंक लावणे सोपे. तो वाळेपर्यंत सांधे दाबून धरणे ही खरी तपश्चर्या. बाजेच्या दोरीने आवळले तर एक कोपरा बसे आणि समोरचा उघडे. काठी घालून पीळ दिला तेव्हा चौकटीची शंकरपाळी झाली. मग सरळ करून वर जात्याची तळी ठेवली, तर सुभद्रेला नेमके तेव्हाच दळण आठवले. "तुमच्या चौकटीपायी लेकरं उपाशी ठेवू काय?" म्हणाली. तिचे बोलणे रास्त होते, पण डिंक ओला होता.

शेवटी अंगणात गडी बंडी भरत होते, तिच्या तळाशी चौकट ठेवून वर कापसाचे ठासून भरलेले बोरे रचवले. असा दाब राजालाही मिळायचा नाही. मी समाधानाने झोपलो, आणि आपला गडी देवीदास पहाटे बंडी जुंपून उमरावतीला निघून गेला. बाजारात बोरे उतरवताना चौकट निघाली. लोकांनी विचारले, हे काय? देवीदास (माणूस सच्चा, पण बोलणे तोडके) म्हणाला, "मालकाच्या घरची चौकट व्हय." तुमच्या बार्शीटाकळीचा गोवर्धन तिथे उभा होता. त्याने फक्त ऐकले, पाहिले नाही. उमरावतीहून तुझ्या ओट्यापर्यंत पोचता पोचता त्या चौकटीला दार, ओसरी आणि माडी फुटली.

आता चौकट घरी परत आली आहे. सांधे पक्के बसले आहेत. एका कोपऱ्याला कापूस चिकटला आहे, तो मात्र काही केल्या निघत नाही. तरी राग धरू नये. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
नत्थू

ता.क. चौकट रिकामी आहे. उमरावतीचा चितारी म्हणतो, माणूस पाहिल्याशिवाय तोंड काढता येत नाही. मी सांगत गेलो तसे त्याने काढले, तर सुभद्रा म्हणाली, "हे तं आपले पाटील!" खरे सांगतो अक्का, मायचे हात आठवतात, खाकरणे आठवते, पण तोंड नीट डोळ्यांपुढे येत नाही. त्याची फार भीती वाटते. सारा गाव म्हणतो, तू हुबेहूब माय आहेस. दोन दिवस आधी ये आणि चिताऱ्यापुढे बस.

पुन्हा ता.क. राग सोडून ये असे म्हणत नाही. रागातच ये. मायचे तोंड तसेच ओळखू येईल.