रंध्याच्या तोंडातला भुसा

आबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षे झाली आणि आज मला तुमच्याशी एका फळीविषयी बोलायचे आहे. पेठला, महामार्गालगत, तुमच्या नातसुनेने, म्हणजे माझ्या सुनेने, कपाटांची दारे करण्याचा कारखाना काढला आहे. तुम्ही पटाशीने दिवसभर कोरत असायचात ती नक्षी तेथील यंत्र पाहता पाहता कोरते. दार ज्या फळीवर ठेवून कोरतात तिला येथे सर्व जण ‘वेस्टबोर्ड’ म्हणतात, म्हणजे टाकाऊ फळी. साऱ्या अचूकतेचा भार जिच्यावर, तिलाच टाकाऊ म्हणावे! मी दोनदा हरकत घेतली. कोणीही ऐकले नाही.

गेल्या सोमवारी नवी फळी बसवली. स्क्रू आवळून झाल्यावर यंत्रानेच रुंद पाते तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी फिरवून ती सपाट केली. मी नख फिरवून पाहिले, तर दोन पट्ट्यांच्या प्रत्येक सांध्यावर केसाएवढी पायरी लागत होती. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना ती दाखवली, तर ते हसले. “बाबा, पातं जरा कललंय, म्हनून व्हतंय तसं. उद्या मापाचा डायल लावून पातं सरळ उभं करतो, मंग फळीवर परत फिरवू.” उद्या! आज दिसलेला दोष माणसे उद्यावर कशी टाकतात, हे मला आजवर उमगलेले नाही. ते जेवायला गेले तेव्हा मी घरून तुमचा रंधा आणला आणि त्या पायऱ्या काढल्या. तुमची लोखंडी पट्टी ठेवून पाहिली. खालून उजेड दिसत नव्हता. मला अतिशय समाधान वाटले. मी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते?

फळी माझ्या पट्टीला सपाट होती, यंत्राच्या चालीला मात्र एका टोकाकडे उतरती झाली होती. राजुरीच्या एका नव्या घराची चौदा दारे तिच्यावर कोरली गेली. प्रत्येकाची नक्षी एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ. घरभरणी रविवारी.

“भाऊ, डायल लावला होता का तुम्ही?” सूनबाईने यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना विचारले.

“न्हाई म्याडम. सकाळी बघितलं तर पायऱ्याच नव्हत्या. मला वाटलं, तुमीच लावला.”

“मी तर आदल्या दुपारपासून मंचरला होते.”

“मंग मला काय म्हाईत!”

“म्हणजे फळी आपोआप सपाट झाली? खोटं तरी जरा नीट बोला, राव.”

मी शेजारीच बसलो होतो, तिच्या पावतीपुस्तकातील ऱ्हस्वदीर्घ सुधारत.

आणे गावच्या शाळेचे दार तुम्हांला आठवते का? मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. बिजागरीजवळची फट मी सरस आणि भुसा घालून बुजवली, वर रंगही दिला. तुम्ही बोट फिरवलेत आणि रागावलात. “फटीवरनं कळत व्हतं, दार कुठं ओढतंय ते. तू तीच बुजवलीस. आता मी कुठून शोधू रं?” त्यावर मी तुम्हांला “व्हतं नव्हे, होतं” असे ऐकवले होते. चूक झाली, एवढे दोन शब्द मात्र म्हणालो नाही. तुम्ही दार उतरवलेत आणि पुन्हा बसवलेत.

त्या पायऱ्याही तेच सांगत होत्या, आबा. पाते कलले आहे, एवढेच. ते त्या गृहस्थांना पहिल्याच दिवशी कळले होते. मी त्यांचा पुरावा तासून टाकला. परवापासून ते कामावर आलेले नाहीत. सूनबाई दुसरा माणूस शोधते आहे आणि माझा सल्ला विचारते आहे.

हे पत्र कोणाला द्यायला हवे, ते मला पक्के ठाऊक आहे. ती शेजारच्या खोलीत आहे. रंधा माझ्या खाटेखाली आहे आणि त्याच्या तोंडात त्या फळीचा पिवळट भुसा अजून अडकलेला आहे. काल तो काढायला मी दोनदा वाकलो. काढला नाही, पण तिला हाकही मारली नाही.