जांबच्या पुढे न जाणारी फियाट

मुखेड,
रविवार, दुपार

ती. शिवशंकरराव यांना वैजनाथचा मुखेडहून नमस्कार.

तुमची कंबर आता वाकते का, वहिनींची बदली टळली का आणि तुमच्या राजकन्येला लातुरातच कॉलेज मिळालं का, हे सवडीनं कळवावं. इकडे तुमची बहीण जया मजेत, सासूबाईंची तब्येत तर आल्यापासून चांगलीच सुधारली आहे. बिघडलेलं एकच आहे, ते म्हणजे गाडी. (फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोन लावला की सासूबाई शेजारी येऊन बसतात. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण मागे तुमचा एक निरोप मी चुकून शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि मुख्याध्यापकांनी त्याला अंगठा दिला. तेव्हापासून धसका घेतला आहे.)

सासूबाईंना लातूरला पोचवायचं राहून राहून राहतंच आहे, आणि त्यात माझा काडीचा दोष नाही, हे तुम्हाला पटावं म्हणून सगळं लिहितो आहे. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, गाव नावं ठेवतं, हे त्या रोज सकाळी चहाच्या वेळी म्हणतात. पण एसटीत बसायचं नाही, तुमच्या नव्या गाडीत बसायचं नाही, मालकांची, म्हणजे सासरेबुवांची, फियाट दारात असताना परक्या गाडीत पाय ठेवायचा नाही, असाही त्यांचा हट्ट. म्हणजे फियाट लातूरला पोचली तरच त्या पोचणार. आणि फियाट जांबच्या पुढे जात नाही.

होतं असं. मुखेडातून गाडी मस्त निघते. जांब मागे पडलं की इंजिन आपलं आपणच चढतं, उतरतं, परत चढतं. पाय मी हलवलेला नसतो. मग दोन-चार आचके देऊन बंद. पहिल्यांदा झालं तेव्हा मी बॉनेट उघडून आत पाहत राहिलो. (मी मराठी शिकवतो. आत पाहण्याखेरीज मला काय येणार?) सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या की वाटेत अडलं की पुढं जाऊ नये. झालं. ओळखीच्या पिराजी मिस्त्रीला फोन केला, तो मोटारसायकलवर आला, त्यानं इथं ठोकलं, तिथं फुंकलं, आणि गाडी सुरू. परत येताना फियाट अशी पळाली की मी दोनदा गती कमी केली.

पिराजी म्हणाला, कार्बोरेटरमध्ये कचरा. तो त्यानं साफ केला. दुसऱ्या खेपेला पुन्हा जांबच्या पुढे तेच, आणि तोच पुन्हा धावत आला. आता रागावू नका, पण या वेळी त्यानं बॉनेट उघडून मला विचारलं, गुरुजी, हे कुणी केलं? शिवशंकरराव, तुम्हीच हौसेनं सासरेबुवांच्या गाडीत एका गाडीचं इंजिन घातलं, दुसरीचा गिअर, तिसरीचा विजेवरचा पंप. जुनं म्हणून आत काय राहिलं, तर पेट्रोलची टाकी. पिराजीनं तुम्हाला उद्देशून जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग मी नांदेडच्या मोठ्या गॅरेजात वीरभद्र यांच्याकडे गेलो. (नांदेडला जाताना गाडीनं हूं की चूं केलं नाही, हे ध्यानात घ्या.) त्यांचं म्हणणं, पंप जादा दाबाचा, कार्बोरेटर जुन्या चालीचा, दोघांचं पटत नाही. त्यांनी पंप बदलला, दोघांचं पटवून दिलं. तिसऱ्या खेपेला जांबच्या पुढे पुन्हा भांडण.

आता तुम्हीच विचार करा. एकटा गेलो तर गाडी चालते. सासूबाईंना बसवून लातूरकडे तोंड केलं की बंद पडते. त्यांनाच बसवून मुखेडकडे वळवली की पुन्हा चालते. माझं डोकं चालेनासं झालं. कुणी म्हणालं दिशेचा दोष, कुणी म्हणालं मागच्या सीटवरचं वजन. म्हणून मी एका सकाळी मागे ज्वारीचं पोतं ठेवून जांबच्या बरंच पुढे जाऊन आलो. काही झालं नाही. घरी येऊन जयाला म्हणालो, तुझ्या आईच्या वजनाचं पोतं होतं, तरी गाडी चालली. त्यानंतर दोन वेळचं जेवण मी स्वतः वाढून घेतलं.

उलगडा परवा झाला. गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबली आणि पिराजी लग्नाला गेलेला. तो काय काय करायचा ते आठवू लागलो. तो सगळ्यात आधी टाकीचं झाकण काढून पेट्रोलचा वास घ्यायचा आणि झाकण फडक्यानं पुसायचा. मी झाकण फिरवलं तर आत जोरात हवा ओढल्यासारखा आवाज झाला, आणि माझी बोटं लालभडक. आधी वाटलं, कापलं. पाहतो तर कुंकू! झाकणाच्या मधोमध बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून टाकीत हवा जावी लागते, नाही तर पेट्रोल पुढे येत नाही. ते भोक गच्च बुजलेलं. लातूरला निघायच्या आधी सासूबाई गाडीची पूजा करतात, हळदकुंकू तेलात कालवून. गाडी ज्या तोंडानं जेवते त्याला पहिला मान, म्हणून बोट भरून या झाकणाला. मी एकटा निघतो तेव्हा कोण पूजा करणार? पोत्यासाठीही कुणी केली नाही.

रोग सापडला, पण औषध कुणी द्यायचं? जावयानं सासूला, तुमच्या कुंकवानं गाडी अडते, असं कोणत्या तोंडानं सांगावं? तेव्हा तुम्ही मुलगा या नात्यानं इकडे यावं, आईंना गोडीनं समजवावं आणि त्यांना घेऊन जावं, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. पंपावरून तुम्हाला बोललो ते मागे घेतो. पंप निर्दोष होता. पिराजी मात्र काही मागे घ्यायला तयार नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवणार, तेवढ्यात राहवलं नाही. सासूबाईंना भीत भीत म्हणालो, पुढच्या वेळी कुंकू बॉनेटला लावलं तर? त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, ते भोक मला ठावं न्हाई व्हय? मालक माझ्याच पिनेनं कोरायचे ते." मग म्हणाल्या, "लातुरात समदे कामाला गेले की तिसऱ्या मजल्यावर दिवसभर भिंतीसंगं बोलते मी. हितं जया हाय, शेजारणी हायत. लेकीच्या घरी राहते म्हणायला तोंड न्हाई. पण गाडीच जाईना, त्याला मी काय करू?" शिवशंकरराव, मला फार वाईट वाटलं, आणि तुम्हालाही वाटावं म्हणून हे लिहिलं.

ता. क. तिसरा. तेव्हा न्यायला येऊ नका, भेटायला या. येताना त्यांची हिवाळ्याची शाल, जाड भिंगांचा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या आणा, गोळ्या भरपूर. गावाला दाखवायला म्हणून आम्ही उद्या पुन्हा लातूरला निघतो आहोत. कुंकू मी स्वतः कालवून ठेवलं आहे, जरा घट्टच. तिकडे आमची वाट पाहत जेवायचे थांबू नका.